खर्र, खर्र

आप्पांच्या तेरमधल्या घरात ओसरीपासून परसापर्यंत शहाबादी फरशी आहे. पहाटे पाचला आप्पा मागचं दार उघडायचे, शेरा परसाकडे सुटायचा आणि त्याच्या नखांचा टक-टक-टक असा ताल फरशीवर वाजायचा. घरात कुणाला गजर लावावा लागत नव्हता. 2024 च्या उन्हाळ्यात, गोरोबाकाकांची यात्रा उरकल्यावर, या तालात खोट शिरली. दोनदा टक आणि मध्येच एक खर्र.

"नखं वाढली असतील," आप्पा म्हणाले आणि विषय तिथंच मिटला. नखं वाढली नव्हती, झिजली होती. मागच्या पायांच्या मधल्या दोन बोटांची नखं पुढून तिरपी घासली गेली होती, पाटीवर पेन्सिल झिजावी तशी. पण वाकून पंजा उचलून बघावा, असं घरातल्या एकालाही सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर शाळेत विज्ञान शिकवतो.

शेरा डॉबरमन. सोलापूरहून पिल्लू असताना आणलेला, त्या उन्हाळ्यात साडेसहा वर्षांचा झालेला, वजन पस्तीस किलोच्या घरात. ही जात ज्याच्या नावानं ओळखली जाते, तो लुई डॉबरमन एकोणिसाव्या शतकातला जर्मनीतल्या अपोल्डा गावचा करवसुली करणारा माणूस. वसुलीच्या कामात सोबतीला दांडगा कुत्रा हवा म्हणून त्यानं ही पैदास केली, असं सांगतात. तेरमध्ये शेराकडे वसुलीचं खातं नव्हतं. रात्री सोयाबीनमध्ये शिरणारी रानडुकरं हाकलायची आणि दिवसा आप्पांच्या बाजेखाली पडून राहायचं, एवढीच त्याची नोकरी.

श्रावण लागला तसं शेराचं मागचं धड झुलायला लागलं. सरळ चालताना फारसं कळायचं नाही. वळला की कंबर भलतीकडे जायची आणि तो सावरायचा. उभा राहताना मागचे पाय फाकवून उभा राही. पुढचे पाय मात्र आखूड, ताठ पडायचे. एकाच कातड्यात दोन निराळे कुत्रे निराळ्या चालीनं चाललेत, असं वाटायचं.

गावात निदानाला फी पडत नाही. "दारू पिल्यावानी चालायलंय की हे!" हे पहिलं. "अंगावरनं वारं गेलंय, आप्पा," हे दुसरं. एका म्हाताऱ्या गुराख्यानं विळा लाल करून कमरेवर डाग द्यायला सांगितलं. त्याच्या बैलाला गुण आला होता म्हणे. एकानं मानेला तेल चोळून झटका द्यायची तयारी दाखवली. ती मान त्या दिवशी त्याच्या हाती लागली असती, तर पुढचं काही लिहायची वेळच आली नसती. आणि पारावरनं हळू आवाजात आलेलं चौथं निदान सगळ्यांत भीतीचं होतं: "पिसाळलं तर नसंल?"

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रेबीजमध्येही कुत्रा लटपटतो, त्याचं मागचं धड लुळं पडतं. लसीकरणाचा पत्ता नसलेलं जनावर अचानक लटपटायला लागलं, तर त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये, हे खरंच. पण रेबीजची लक्षणं दिसू लागली की जनावर साधारण दहा दिवसांच्या आत जातं. शेरा तीन महिने हळूहळू बिघडत होता, भाकरी खात होता, पाणी पीत होता, मला बघून शेपूट हलवत होता आणि त्याचं लसीचं कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर जपून ठेवलेलं होतं. आप्पांनी ते कार्ड पारावर नेऊन दाखवलं. तरी आठ-दहा दिवस पोरं आमच्या गल्लीतून जाताना भिंतीला घासून जायची.

पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियम कमी असल्याचं सांगितलं. तीन आठवडे इंजेक्शनं झाली. त्यांचं नाव मी लिहीत नाही आणि त्यांना बोलही लावत नाही. ज्यांचा दिवस कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताची लस आणि अडलेली गाय यांत जातो, त्यांच्यासमोर डॉबरमनची मान वर्षातून एकदा तरी येत असेल का?

चूक झाली ती घरात. आप्पांना कंबरदुखीची जुनी साथ. त्यांच्या खिशात डायक्लोफेनॅकची पट्टी कायम. कुत्र्याचंही दुखतंय, मग अर्धी गोळी भाकरीत घालून द्यायला काय हरकत, असा विचार करून त्यांनी चार दिवस ती दिली. पाचव्या दिवशी शेराची शी डांबरासारखी काळी झाली. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या जठराला जखमा करतात, मूत्रपिंडं बिघडवतात. काळी शी म्हणजे पोटात झालेला रक्तस्राव. हेच डायक्लोफेनॅक गुरांना दिलं जाई आणि त्या गुरांची मढी खाऊन गिधाडं संपत आली, म्हणून 2006 मध्ये देशात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. आप्पांनी ही बातमी तेव्हा वाचली होती. स्वतःच्या खिशातली पट्टी तीच आहे, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या काळ्या शीनं आम्ही हललो. सप्टेंबरात एका सकाळी शेराला गाडीच्या मागच्या सीटवर गोधडी अंथरून झोपवलं आणि ढोकी, मुरूड, लातूर करत उदगीर गाठलं. मराठवाड्यात तेव्हा पशुवैद्यकीय महाविद्यालयं दोन, एक परभणीला आणि एक उदगीरला. आम्हाला उदगीर सोयीचं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी शेराला आधी हातच लावला नाही. व्हरांड्यात चालवायला लावलं, वळवायला लावलं, एक पायरी चढायला लावली. मग त्याच्यामागं बसून त्याचा मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला, म्हणजे पंजाची पाठ खाली. धडधाकट कुत्रा क्षणात पाय सुलटा करतो. शेरा उलट्या पंजावर तसाच उभा राहिला, दाराबाहेरच्या चिमण्या बघत. आपला पाय कसा टेकलाय याची खबर त्याच्या मेंदूपर्यंत पोचतच नव्हती. फरशीवरचं ते खर्र म्हणजे हीच न पोचलेली खबर होती.

मग त्यांनी त्याला कुशीवर झोपवून रबरी हातोडीनं गुडघ्याखाली हलकेच ठोकलं. तंगडी ताडकन उडाली. आप्पांचा चेहरा उजळला. "बघा, पायात ताकद हाय की!"

"तेच तर बरं नाही," मॅडम म्हणाल्या. "एवढा उडायला नको. वरून लगाम यायला पाहिजे, तो येत नाहीये. आप्पा, तुम्ही सगळे पायाकडं बघताय. दोष मानेत आहे."

तेरच्या माणसाला ठोकून पारख करणं नवं नाही. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यांवर थापट्या मारल्या आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. परतीच्या वाटेवर आप्पा तेच बोलत होते. दवाखान्यात त्यांना एक कोडं सुटत नव्हतं: ठोकलं गुडघ्याला आणि कच्ची निघाली मान, ती कशी?

त्याचं उत्तर मॅडमनी उसाच्या मोळीवरून दिलं होतं, आणि साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या आप्पांना त्याहून चांगली उपमा मिळाली नसती. मेंदूतून निघालेली मज्जारज्जू मानेतून पाठीकडे जाते. तिच्यात असंख्य तंतूंच्या जुड्या असतात. मागच्या पायांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या लांब जुड्या बऱ्याच अंशी कडेला असतात, पुढच्या पायांच्या तुलनेनं आत. मोळीला दोर करकचून आवळला की आधी बाहेरची कांडी चेपतात. तसा मानेत दाब पडला की मागचं धड आधी डगमगतं आणि मान गप्प राहते.

मानेत मणके सात. उंदराला सात, जिराफाला सात, आप्पांना सात, शेरालाही सात. (सस्तन प्राण्यांत स्लॉथ आणि मॅनाटी सोडले तर हा आकडा कुणी मोडलेला नाही.) दोन मणक्यांमध्ये गादी असते. डॉबरमनमध्ये मणक्यांतली ज्या नळीतून मज्जारज्जू जाते ती नळी मुळात अरुंद, आणि मध्यमवयात शेवटच्या एक-दोन गाद्या सुजून, फुगून त्या नळीत घुसतात. बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मधल्या. इंग्रजीत याला 'वॉब्लर' म्हणतात, डगमगणारा. डगमगणाऱ्या घोड्यांसाठीही हाच शब्द आहे. ग्रेट डेनमध्ये गोष्ट निराळी: तिथं गादी नव्हे तर हाडच वाढून नळी चेपतं, आणि तेही तरुणपणी, कधी वर्षाच्या आतच. डाक्सहुंड, बीगल यांच्यात गादी आतून घट्ट, चुनखडीसारखी होते आणि एखाद्या दिवशी फुटून बाहेर येते. तो कुत्रा डगमगण्याआधी किंचाळतो, मान खाली घालून अंग चोरतो, त्याला उचललेलं सहन होत नाही. आपल्या शहरांत घरोघरी दिसणाऱ्या पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत पहिल्या दोन मणक्यांना जोडणारी खुंटीच कधी जन्मतः कमजोर असते आणि सोफ्यावरून मारलेली एक उडी पुरते.

आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मणक्यात गॅप." आमच्या तालुक्यात निम्म्या गावाला मणक्यात गॅप आहे. मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या.

मग बोलता बोलता एकेक आठवायला लागलं. गेल्या दिवाळीपासून शेरा ताटलीपुढं मान खाली घालायला कुरकुर करायचा, भाकरीचा तुकडा तोंडात धरून उभ्यानंच चावायचा. आम्ही त्याला लाडावलाय म्हणालो होतो. साखळी ओढली की गुरगुरायचा. आम्ही त्याला म्हातारपणी तापट झालाय म्हणालो होतो.

क्ष-किरणात सहाव्या-सातव्यातली फट बारीक झालेली दिसली. हाड मोडलेलं नाही, हाडात गाठ नाही, गादीत जंतूंनी घर केलेलं नाही, एवढं त्यावरून कळलं. पण मज्जारज्जू काही त्या काचेवर उमटत नाही. ती बघायची तर एमआरआय हवा, आणि त्यासाठी पुणं. शिवाय सूज उतरवणारं स्टिरॉइड लगेच सुरू करता येईना, कारण पोटातली जखम ओली होती. वेदनाशामक आणि स्टिरॉइड पाठोपाठ गेले तर जठराला भोकच पडायचं. आप्पांच्या त्या चार अर्ध्या गोळ्यांनी उपचार जवळजवळ दोन आठवडे मागं ढकलला. ते याबद्दल कधी बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पट्टी खिशातून काढून कपाटात कुलपाआड ठेवली, इतकंच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वहीत पैठणहून तगर, म्हणजे आमचं तेर, दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं. आजही पाहुणे तेरला येतात ते त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आणि लामतुरे संग्रहालयातल्या मातीच्या मूर्ती बघायला. आम्ही ऑक्टोबरात उलट्या दिशेनं, पुण्याकडे निघालो. येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी. दर तासाला थांबायचं, शेराला पोटाखालून टॉवेलाची झोळी घालून उभं करायचं, लघवी झाली की पुन्हा गोधडीवर. टेंभुर्णीच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्यानं न विचारता झोळीचं दुसरं टोक धरलं.

पुण्यात एमआरआयच्या आधी हृदयाची तपासणी झाली. भूल द्यायची, आणि डॉबरमनच्या हृदयाचा भरवसा नसतो. स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा रोग या जातीत फार. रक्त न गोठण्याचा एक वारसाही असतो, तोही बघितला. दोन्ही ठीक निघालं. पडद्यावर शेराची मान आडवी पसरली तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं. करडी, गुळगुळीत दोरी वरून खाली येते, पाचव्या-सहाव्यापाशी किंचित दबते आणि सहाव्या-सातव्यापाशी कुणी अंगठा दाबून धरल्यासारखी चपटी होते. आप्पा बराच वेळ बघत राहिले. "एवढ्यावर चालत होता व्हय," म्हणाले.

त्याच आठवड्यात, 9 ऑक्टोबरला, रतन टाटा गेले होते आणि दवाखान्याच्या बाकांवर तोच विषय होता. त्यांनी आपल्या एका कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटाच्या विद्यापीठात नेलं, पण उशीर झाला होता, म्हणून डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत पक्का करून टाकावा लागला. हे त्यांनीच सांगितलेलं. त्याच वर्षी जुलैत मुंबईत महालक्ष्मीला त्यांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाई ते सांगत होत्या. आप्पांनी ऐकून मला विचारलं, "त्यांनाबी उशीरच झालता का?"

शस्त्रक्रियेचे मार्ग सर्जननी समजावले. गळ्याच्या बाजूनं जाऊन फुगलेली गादी कोरून काढायची, किंवा मणके ताणून धातूच्या पट्टीनं बांधायचे. कॅनडात शंभरावर कुत्र्यांचा मागोवा घेतलेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी दहातले आठ सुधारले, नुसत्या औषध-विश्रांतीवरचे निम्म्याहून थोडे अधिक. ऐकायला निवाडा सोपा. पण एका ठिकाणी पट्टी बसली की शेजारच्या गादीवर भार वाढतो आणि काही वर्षांनी तीच कथा एक मणका अलीकडे पुन्हा सुरू होऊ शकते. शेराची शेजारची गादी तर आधीच दबलेली. आप्पांनी खर्चाचा आकडा क्विंटलमध्ये करून पाहिला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात बोली त्याच्या खालीच लागत होती. ते स्पष्ट म्हणाले, "आधी औषधावर बघू. नाही जमलं तर रानाचा तुकडा हाय." सर्जननी मान डोलावली, शेरा अजून स्वतःच्या पायांवर होता, म्हणून थांबायला जागा होती. तो आडवा पडला असता, तर असं थांबता आलं नसतं.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं, आणि तिथं आप्पा डॉक्टरांच्याही पुढं गेले. दीड महिना शेराला कोंडून ठेवायचं होतं. कडब्याच्या वळईशेजारी त्यांनी जुन्या दाराच्या फळ्यांचं खोपटं केलं. आत उभं राहता येईल, फिरता येईल, उडी मारता येणार नाही. ओसरीपासून परसापर्यंतची फरशी खताच्या रिकाम्या पोत्यांनी झाकली, पण प्लॅस्टिकची पोती जास्तच घसरली. मग गोणपाटं शिवून घातली. ताटली माठाच्या लोखंडी तिवईवर गेली, पाण्याचं पातेलंही. मानेचा पट्टा सुटला तो कायमचा. पट्ट्यामुळं हा रोग होत नाही, पण दबलेल्या मानेला साखळीचा हिसका म्हणजे दुखण्यावर डागणी. ऑनलाइन मागवलेला छातीपट्टा काखेत काचला. शेवटी गावातल्या चर्मकारानं शेराला मापून मऊ कातड्याचा पट्टा शिवून दिला. "बैलबी खांद्यानं वढतो, मानंनं नाही," तो म्हणाला, आणि मॅडमना सांगायला हवं असं मला वाटलं.

स्टिरॉइड कमी कमी करत आणलं. त्या दिवसांत शेरा सारखं पाणी प्यायचा, सारखा मुतायचा आणि भुकेनं वेडा व्हायचा. आप्पांच्या सुनेनं त्याच्या भाकऱ्या मोजून ठेवल्या, कारण वजन वाढलं की मानेवरचा भार वाढणार. नोव्हेंबराअखेर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चालणं सुरू झालं, तेरणा नदीच्या बाजूला, मऊ मातीच्या पायवाटेनं. जानेवारीत मॅडमनी पुन्हा पंजा उलटा टेकवला. डावा क्षणभर थांबून सुलटा झाला. उजवा लगेच.

शेरा पूर्वीसारखा झाला नाही. रानडुकरांची नोकरी सुटली, ती आता झटका मशीनवर आहे. वळताना कंबर अजून जरा सैल जाते. पारावरची माणसं त्याला 'लंगडा साहेब' म्हणतात, तो लंगडत नाही हे ठाऊक असूनही.

शेजारच्या गावातून दोघं-तिघं आपापले कुत्रे घेऊन आप्पांकडे येऊन गेले. एकाला नुसता गोचिडताप होता, एकाचा पाय मोटरसायकलखाली आलेला. आप्पा कुणालाच औषध सांगत नाहीत. कुत्र्याला अंगणात चालवायला लावतात, मागं उकिडवे बसतात, पंजा उचलून नखं बघतात आणि उदगीरचा नंबर देतात.

मागच्या आठवड्यात ओसरीतलं एक गोणपाट धुवायला काढलं होतं. पहाटे दार उघडलं, शेरा परसाकडे गेला आणि दोन हात उघड्या पडलेल्या फरशीवर एकदा खर्र वाजलं. आप्पांनी त्याला उंबऱ्याशी थांबवलं, बॅटरी आणली, चष्मा लावला आणि मागचा डावा पंजा हातात घेतला. मधल्या बोटाचं नख तिरपं झालं होतं. अजून थोडंसंच. आठ वाजता त्यांनी उदगीरला फोन लावला. मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे.